विद्यार्थ्यांचे आर्थिक साहाय्य, विद्यापीठांचे सहकार्य आणि स्पर्धा कायदा: अमेरिकेतील वादाचा आढावा

अमेरिकेतील नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत फीच्या दोन रकमा असतात: एक जाहीर केलेली आणि दुसरी प्रत्येक घराने खरोखर भरलेली. जाहीर रक्कम सगळ्यांना सारखी असते, भरायची रक्कम मात्र विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात ठरते. पालकांचे उत्पन्न, बचत, घर, कर्जे, घरातील माणसे, कॉलेजात शिकणारी भावंडे असा सगळा तपशील मागवून कुटुंबाला किती पैसे झेपतील याचा आकडा काढला जातो. एकूण खर्चातून तो वजा केला की उरते ती विद्यार्थ्याची ‘गरज’. ती अनुदान, कर्ज आणि आवारातच काही तासांचे काम यांतून भागवली जाते.

हा आकडा प्रत्येक विद्यापीठाने आपापला काढला, तर एकाच मुलीच्या हाती चार ठिकाणांहून चार निरनिराळ्या रकमांची पत्रे येतात. विद्यापीठांनी एकत्र बसून तो काढला, तर चारही पत्रांत जवळपास एकच रक्कम असते. असे एकत्र बसणे कायद्याला मान्य आहे का, हा प्रश्न १९८९ पासून अमेरिकेतील न्यायालये, काँग्रेस आणि अर्थशास्त्रज्ञ हाताळत आले आहेत.

महाराष्ट्रात हा प्रश्न या रूपात उभा राहत नाही. विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि शिष्यवृत्ती व फीची प्रतिपूर्ती मोठ्या प्रमाणावर सरकारकडून, महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. कॉलेजने स्वतःच्या तिजोरीतून विद्यार्थ्यागणिक फी कमी-जास्त करण्याची पद्धत इथे रूढ नाही. मुलांना पदवीसाठी अमेरिकेत पाठवणारी किंवा तिथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मात्र या व्यवस्थेला थेट सामोरी जातात. कॉलेज बोर्डाचा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा लांबलचक फॉर्म भरताना घराच्या किमतीचा रकाना का आहे, असा प्रश्न त्यांना पडतो. त्याचे उत्तर याच इतिहासात सापडते.

सहकार्याची सुरुवात

दुसऱ्या महायुद्धानंतर हार्वर्ड, येल यांसारखी विद्यापीठे जुन्या श्रीमंत घराण्यांच्या बाहेर विद्यार्थी शोधू लागली. हुशार पण गरीब मुलाला घ्यायचे तर त्याच्या घरची ऐपत मोजण्याची काही रीत हवी होती. हार्वर्डचे जॉन मन्रो यांनी असे एक सूत्र तयार केले आणि १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाने ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’ सुरू करून अनेक महाविद्यालयांसाठी ही मोजणी एका जागी आणली. सहकार्याचा हा पहिला टप्पा माहिती गोळा करण्याच्या सोयीपुरता होता आणि त्याला फारसा कोणाचा आक्षेपही नव्हता.

१९५८ मध्ये आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि एमआयटी यांनी ‘ओव्हरलॅप’ गट स्थापन केला, तेव्हा सहकार्य बरेच पुढे गेले. एकाहून अधिक ठिकाणी निवड झालेले विद्यार्थी म्हणजे ‘ओव्हरलॅप’, आणि गटाचा सगळा व्यवहार त्यांच्याभोवती होता. गटाने तीन गोष्टी ठरवल्या होत्या. साहाय्य फक्त गरजेवर द्यायचे, गुणवत्तेची शिष्यवृत्ती कोणी द्यायची नाही. गरज एकाच सूत्राने मोजायची. आणि दर वसंतात, विद्यार्थ्यांना पत्रे जाण्यापूर्वी, सामाईक विद्यार्थ्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे.

या बैठकांचे काम कसे चाले, ते पुढे न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदले गेले. प्रत्येक विद्यापीठ आपल्या यादीत विद्यार्थ्याच्या नावापुढे कुटुंबाने भरायची रक्कम लिहून आणी. दोन विद्यापीठांच्या आकड्यांत ५०० डॉलरपेक्षा कमी फरक असेल तर तो सोडून दिला जाई. फरक त्याहून मोठा असेल तर कोणत्या तरी एकाचा आकडा सगळे धरत किंवा मध्यावर येऊन थांबत. एका विद्यार्थ्यासाठी जेमतेम काही मिनिटे मिळत. नियम मोडला तर बाकीच्यांकडून प्रतिकारवाई होईल, ही जाणीव सगळ्यांना होती. प्रिन्स्टनने हुशार विद्यार्थ्यांना संशोधनासाठी १,००० डॉलरची अनुदाने देऊ केली, तेव्हा बाकीच्यांनी तक्रारी केल्या आणि प्रिन्स्टनला ती योजना बंद करावी लागली. स्टॅनफर्डलाही गटात बोलावले होते, पण त्याने यायचे नाकारले.

गटाच्या बाजूने एवढे म्हणता येते की हा व्यवहार लपूनछपून चाललेला नव्हता. गुणवत्तेवर पैसे न देण्याचे तत्त्व ही विद्यापीठे अभिमानाने सांगत, आणि त्याच काळात ऐपत न पाहता प्रवेश देण्याचे व दाखल झालेल्याची संपूर्ण गरज भागवण्याचे धोरण त्यांनी राबवले.

एमआयटीचा खटला

अमेरिकेचा मूळ स्पर्धा कायदा म्हणजे १८९० चा शर्मन कायदा. त्याचे पहिले कलम व्यापाराला अटकाव करणारे करार बेकायदा ठरवते. काही करार, उदाहरणार्थ किमती संगनमताने ठरवणे, मुळातच बेकायदा मानले जातात आणि तिथे कोणताही खुलासा ऐकला जात नाही. इतर करारांना ‘वाजवीपणाची कसोटी’ लावून त्यांचे फायदे-तोटे तोलले जातात. सुशिक्षित व्यवसाय या कायद्याच्या बाहेर आहेत, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये वकिलांच्या दरपत्रकावरील गोल्डफार्ब खटल्यात खोडून काढली होती. तेव्हा विद्यापीठांवर हा कायदा येऊन धडकणे ही वेळेची बाब होती.

१९८९ मध्ये न्याय विभागाने चौकशी सुरू केली आणि मे १९९१ मध्ये नऊही विद्यापीठांविरुद्ध दावा दाखल केला. त्याच दिवशी आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांनी संमतिपत्रावर सह्या करून ओव्हरलॅप बंद करण्याचे मान्य केले. दोष मात्र कोणी कबूल केला नाही. एमआयटीने सही केली नाही. अध्यक्ष चार्ल्स वेस्ट यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने खटला लढवायचे ठरवले.

सरकारची मांडणी साधी होती. साहाय्य म्हणजे किमतीतील सूट. नऊ विक्रेत्यांनी कोणत्या ग्राहकाला किती सूट द्यायची हे आधी ठरवून घेतले, तर ग्राहकाच्या हातातील घासाघीस जाते. मध्यमवर्गीय घरातील हुशार मुलाला एखाद्या विद्यापीठाने जादा पैसे दिले असते, ते या करारामुळे मिळाले नाहीत. एमआयटीची मांडणी वेगळ्या पायावर उभी होती. संस्था नफ्यासाठी नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे होणारा खर्च पूर्ण फीपेक्षाही जास्त आहे. म्हणून साहाय्य हा व्यापार नसून दान आहे. करार नसेल तर विद्यापीठे हुशार आणि सुस्थितीतील मुलांसाठी बोली लावतील आणि तो पैसा गरजूंच्या वाट्यातून जाईल.

सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायाधीश लुई बेक्टल यांनी एमआयटीविरुद्ध निकाल दिला. त्यांनी करार मुळातच बेकायदा ठरवला नाही, पण कसोटी संक्षिप्त लावली आणि सामाजिक कारणे विचारात घ्यायला नकार दिला. सप्टेंबर १९९३ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल फिरवला. या निकालाचे दोन भाग वेगवेगळे वाचायला हवेत, कारण पुढे दोन्ही बाजू आपल्या सोयीचा भागच उचलत आल्या आहेत. पहिल्या भागात एमआयटी हरली: साहाय्य हा व्यापारच आहे, शर्मन कायदा लागू होतो. दुसऱ्या भागात ती जिंकली: कसोटी पूर्ण लावली पाहिजे आणि गरीब विद्यार्थ्यांना अधिक पर्याय मिळतात, विद्यार्थीवर्ग वैविध्याचा होऊन शिक्षणाची गुणवत्ता वाढते, हे दावे तोलले पाहिजेत. खटला फेरसुनावणीसाठी परत गेला. सुनावणी झालीच नाही, डिसेंबर १९९३ मध्ये तडजोड झाली. त्यामुळे ओव्हरलॅपचे फायदे तोट्यांपेक्षा जड होते की नाही, यावर कोणत्याही न्यायालयाने आजवर पूर्ण निवाडा दिलेला नाही.

कलम ५६८ आणि अध्यक्षांचा गट

काँग्रेसने १९९२ मध्येच तात्पुरती मुभा दिली होती. १९९४ मध्ये शालेय शिक्षणाच्या एका मोठ्या कायद्यात ५६८ वे कलम घालून ती सविस्तर केली. ऐपत न पाहता, म्हणजे ‘नीड-ब्लाइंड’ पद्धतीने, प्रवेश देणाऱ्या संस्थांना चार गोष्टी करण्याची परवानगी मिळाली: फक्त गरजेवर साहाय्य देण्याचे ठरवणे, गरज मोजण्याची समान तत्त्वे मान्य करणे, एकच अर्ज वापरणे, आणि त्रयस्थामार्फत कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा मर्यादित तपशील एकदाच ताडून पाहणे. एखाद्या विद्यार्थ्याला किती द्यायचे यावर बोलण्यास मात्र पूर्ण मनाई होती. जुन्या वसंत बैठका त्यामुळे परत आल्या नाहीत.

ही सूट कायमची नव्हती. १९९७, २००१, २००८ आणि २०१५ मध्ये तिची मुदत वाढवली गेली. तिच्या आधारे १९९८ मध्ये ‘५६८ प्रेसिडेंट्स ग्रुप’ स्थापन झाला आणि त्यात पुढे २८ संस्था आल्या. २००३ मध्ये गटाने मोजणीची एक सहमतीची पद्धत ठरवली. घराच्या किमतीतील कुटुंबाचा वाटा किती धरायचा, महागड्या शहरात राहणाऱ्यांना काय सवलत द्यायची, दोन मुले एकाच वेळी शिकत असतील तर आकडा कसा वाटायचा, अशा बाबी तिच्यात होत्या. बाहेरच्याला या किरकोळ वाटतील. पण न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वीस वर्षांपूर्वी घेतलेले घर ज्यांच्या नावावर आहे आणि हाती रोकड थोडी आहे, अशा कुटुंबासाठी यातील एका ओळीने वर्षाला हजारो डॉलरचा फरक पडतो. सरकारी ‘फाफ्सा’ अर्जात राहते घर धरलेच जात नाही, सीएसएस प्रोफाइलमध्ये विचारले जाते, आणि त्याचे किती वजन धरायचे हे संस्थांच्या हाती असते.

सर्वांत श्रीमंत विद्यापीठे मात्र या गटाच्या चौकटीच्या पलीकडे गेली. प्रिन्स्टनने २००१ मध्ये कर्जाऐवजी अनुदान देण्याचे जाहीर केले. हार्वर्डने २००४ मध्ये वार्षिक ४०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांकडून काहीच न घेण्याचे ठरवले आणि डिसेंबर २००७ मध्ये १,८०,००० डॉलरपर्यंतच्या घरांसाठी फीचा भार उत्पन्नाच्या जास्तीत जास्त सुमारे १० टक्क्यांवर आणला. येल २००८ मध्ये गटातून बाहेर पडले. ज्यांच्या निधीत पैसा होता, त्यांनी स्पर्धा केली आणि गरजेचे तत्त्वही टिकवले. एमआयटीच्या १९९२ च्या युक्तिवादाला हा घटनाक्रम पुरेसा उत्तर देतो, असे काहींचे मत आहे. इतर अभ्यासक आठवण करून देतात की एवढा निधी फार थोड्या संस्थांकडे आहे. बहुसंख्य खासगी महाविद्यालये वर्ग भरण्यासाठी सर्रास सवलती वाटतात, आणि त्यांत गरज व गुणवत्ता यांची सरमिसळ असते.

हेन्री खटला

जानेवारी २०२२ मध्ये काही माजी विद्यार्थ्यांनी शिकागोच्या संघराज्य न्यायालयात १६ विद्यापीठांविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. नंतर जॉन्स हॉपकिन्सची भर पडून ती १७ झाली. तक्रारीचा रोख कलम ५६८ च्या अटीवर होता. सूट फक्त ऐपत न पाहणाऱ्यांना आहे, आणि प्रतिवादींपैकी नऊ संस्था मोठ्या देणगीदारांच्या मुलांना झुकते माप देत होत्या किंवा प्रतीक्षायादीवर ऐपत पाहत होत्या. बाकीच्यांनी स्वतः अट पाळली असली, तरी न पाळणाऱ्यांबरोबर करार केल्याने त्यांनाही सूट मिळत नाही, असा फिर्यादींचा दावा होता.

विद्यापीठांचे उत्तर असे की ‘नीड-ब्लाइंड’ म्हणजे गरिबीमुळे कोणाला न नाकारणे. देणगीदाराच्या मुलाकडे लक्ष देणे ही वेगळी बाब आहे. शिवाय प्रत्येक संस्था सूत्रात स्वतःचे फेरफार करत होती आणि साहाय्याचा एकूण खर्च सतत वाढत गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायाधीश मॅथ्यू केनेली यांनी दावा फेटाळण्याची विनंती नाकारली. कायद्यातील शब्द ‘सर्व’ प्रवेशित विद्यार्थ्यांबद्दल आहेत, ही बाब त्यांत निर्णायक ठरली. न्याय विभागानेही फिर्यादींच्या वाचनाला पाठबळ देणारे निवेदन सादर केले होते.

त्यानंतर तडजोडी सुरू झाल्या. शिकागो विद्यापीठाने १ कोटी ३५ लाख डॉलर, येलने १ कोटी ८५ लाख, कोलंबिया आणि ड्यूक यांनी प्रत्येकी २ कोटी ४० लाख, व्हँडरबिल्टने ५ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले. बारा संस्थांची बेरीज सुमारे ३२ कोटी डॉलर झाली. दोष कोणीही कबूल केला नाही. कॉर्नेल, जॉर्जटाउन, एमआयटी, नोत्र दाम आणि पेनसिल्व्हेनिया यांनी लढा चालू ठेवला. डिसेंबर २०२४ च्या कागदपत्रांत फिर्यादींनी नुकसान ६८ कोटी ५० लाख डॉलर असल्याचे मांडले. शर्मन कायद्याखाली भरपाई तिप्पट होते आणि उरलेल्या प्रतिवादींवर संयुक्त जबाबदारी येते. एवढ्या संस्थांनी तडजोड का केली, याचा बराचसा उलगडा यातच होतो. तडजोडीवरून आरोप खरे ठरत नाहीत आणि खोटेही ठरत नाहीत.

दरम्यान ३० सप्टेंबर २०२२ रोजी कलम ५६८ ची मुदत संपली. काँग्रेसने ती वाढवली नाही. अध्यक्षांचा गट त्याच वर्षी विसर्जित झाला.

शेजारचे वाद

याच सुमारास आजूबाजूच्या प्रथाही तपासल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये न्याय विभागाच्या चौकशीनंतर प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेतील काही नियम काढून टाकले. दुसरीकडे प्रवेश निश्चित केलेल्या विद्यार्थ्याला ओढून घ्यायचे नाही, हा त्यांपैकी एक. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात महाविद्यालयीन खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरवल्या. सामाजिक हेतूसाठी सूट हवी असेल तर ती काँग्रेसकडे मागावी, हा त्या निकालाचा सूर १९९३ च्या निकालाहून बराच कठोर आहे. आयव्ही लीगच्या क्रीडा शिष्यवृत्ती न देण्याच्या कराराविरुद्धचा दावा मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राथमिक टप्प्यावरच फेटाळला गेला. त्याच महिन्यात कॉलेज बोर्ड आणि ४० विद्यापीठांविरुद्ध नवा दावा आला. वेगळे झालेल्या पालकांपैकी मूल ज्याच्याकडे राहत नाही, त्याचेही उत्पन्न सगळ्यांनी मिळून धरायचे ठरवले, असा त्यातील आरोप होता. संगनमत झाल्याचे पुरेसे दिसत नाही म्हणून २०२५ मध्ये तोही फेटाळला गेला.

पुरावा काय सांगतो

दोन्ही बाजूंचा युक्तिवाद शेवटी एका अनुभवजन्य प्रश्नावर येतो: करारामुळे कुटुंबांनी जास्त पैसे भरले का? डेनिस कार्लटन, गुस्ताव बॅम्बर्गर आणि रॉय एपस्टाइन यांच्या १९९५ च्या अभ्यासात ओव्हरलॅपमुळे सरासरी फी वाढल्याचे आढळले नाही. कार्लटन हे एमआयटीच्या बाजूचे तज्ज्ञ साक्षीदार होते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. सरासरी सारखी राहूनही काहींना जास्त आणि काहींना कमी भरावे लागू शकते, आणि सरकारची हरकत नेमकी त्या ‘काहीं’बद्दल होती. कॅरोलाइन हॉक्सबी यांनी २००० मध्ये ही विद्यापीठे परोपकारी संगनमत करणारी होती का, असा प्रश्न थेट विचारून करार थांबल्यानंतरच्या बदलांचा मागोवा घेतला. २००६ मध्ये काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने कलम ५६८ चा परिणाम तपासला. समान पद्धत वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या सारख्या संस्थांत कुटुंबाने भरायच्या रकमेत लक्षणीय फरक दिसला नाही. हेन्री खटल्यातील फिर्यादींच्या तज्ज्ञांनी मात्र नंतरच्या वर्षांसह मोठे नुकसान मोजले आहे. हे आकडे एकमेकांसमोर ठेवताना मोजण्याचा काळ, तुलनेसाठी घेतलेल्या संस्था आणि सहमतीची पद्धत कोणी किती काटेकोर पाळली, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

२००६ च्या अहवालाचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. फी वाढली नसेल तर फिर्यादींची तक्रार दुबळी होते. पण मग गरजूंना करारामुळे नेमके काय जास्त मिळाले, हेही विद्यापीठांना दाखवावे लागते, आणि ते दाखवणारा भक्कम पुरावा अद्याप पुढे आलेला नाही.

काय अनिर्णित आहे

साहाय्य हा व्यापार आहे, यावर आता गंभीर वाद उरलेला नाही. गरिबांकडे पैसा वळवणे हा स्पर्धा कायद्यात ग्राह्य धरण्याजोगा फायदा आहे का, यावर १९९३ चे अपील न्यायालय आणि २०२१ चे सर्वोच्च न्यायालय यांचे सूर जुळत नाहीत. ‘नीड-ब्लाइंड’ या अटीत श्रीमंतीला दिलेली पसंती बसते की नाही, हे कोणत्याही अपील न्यायालयाने ठरवलेले नाही. सूट संपल्यानंतर नुसती समान पद्धत किंवा समान फॉर्म वापरणे कितपत सुरक्षित आहे, हेही संदिग्ध आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्याय विभागाने माहितीच्या देवाणघेवाणीला संरक्षण देणारी जुनी मार्गदर्शक तत्त्वे मागे घेतल्याने विद्यापीठांचे वकील अधिक सावध झाले आहेत.

सूट संपल्यावर गरिबांचे साहाय्य घटेल, ही भीती निदान सर्वांत श्रीमंत संस्थांबाबत खरी ठरलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमआयटीने आणि मार्च २०२५ मध्ये हार्वर्डने वार्षिक २,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी शिकवणी फी माफ करण्याची घोषणा केली. मधल्या फळीतील संस्थांचे काय होते, हे कळायला आणखी काही वर्षांचे प्रवेश पाहावे लागतील.

१९९४ च्या कायद्यातील सर्वांत मोठी त्रुटी मात्र आताच स्पष्ट आहे. सूट एका अटीवर दिली गेली, पण ती अट पाळली जाते की नाही हे दरवर्षी तपासण्याचे काम कोणावरही सोपवले नव्हते. अट मोडल्याचा आरोप न्यायालयासमोर यायला २८ वर्षे लागली, आणि तोही विद्यार्थ्यांनी आणला. काँग्रेसने ही सूट पुन्हा द्यायची ठरवली, तर प्रत्येक सहभागी संस्थेने उत्पन्नगटानुसार प्रवेश आणि कुटुंबांनी भरलेली प्रत्यक्ष रक्कम दरवर्षी जाहीर करणे, ही अट तिच्यात असायलाच हवी.